हातांची शाळा : आधी झाडू, मग तेल



मागच्या वेळी आपण छत्रीची निसटलेली काडी तारेने बांधली. काहींची छत्री दुरुस्त झाली असेल, काहींची आणखी मोडली असेल! मोडली तरी हरकत नाही. हात चालवल्याशिवाय हात शिकत नाहीत.

आज जरा जपून करायचं काम घेतलं आहे. घरात कुठेतरी एखादा घडीचा चाकू असतो. आजोबांच्या पेटीत, बाबांच्या स्कूटरच्या डिकीत, नाहीतर स्वयंपाकघरातल्या खणात. पातं मुठीत मिटवून ठेवायचं, लागेल तेव्हा नखाने ओढून उघडायचं. पण बरेच दिवस पडून राहिलेला चाकू उघडायला गेलं, की तो हटून बसतो. मग कोणाचं नख तुटतं, कोणी पक्कड लावतं, तर कोणी चक्क दातांनी ओढतं! अशा हट्टी चाकूला पुन्हा अलगद उघडायला कसं लावायचं, ते आज पाहू.

त्याआधी आपल्या शाळेचा नियम. हे काम करताना घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं. नुसतं घरात असून चालणार नाही, शेजारी हवं. पाचवीच्या आतल्या दोस्तांनी चाकू हातात घ्यायचा नाही. त्यांनी बघायचं आणि शेवटी तेलाचा थेंब सोडायचा मान घ्यायचा. चाकू खरोखरच्या शाळेत आणायचा नाही, दप्तरात ठेवायचा नाही, मित्राला दाखवायला खिशात घालून न्यायचा नाही. कबूल? मग चला.

बाबांचा चाकू

आधी माझी एक गोष्ट सांगते. ती माझ्या फजितीची आहे, आणि फजितीपेक्षा थोडी जास्तच आहे.

माझे बाबा रत्नागिरी जिल्ह्यातले. ते आंब्याची कलमं बांधायचे. आंब्याचं कोयकलम कसं करतात, ते तुमच्यापैकी कोकणातल्या मुलांनी पाहिलं असेल. पावसाच्या सुरुवातीला आंब्याच्या कोयी रुजत घालतात. दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस कोवळ्या पानांचं रोप झालं, की त्याचा शेंडा छाटतात आणि दांड्याला मधोमध उभा काप देतात. हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या कापात बसवतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. दोन्ही काप गुळगुळीत हवेत आणि झटपट जुळायला हवेत. काप खडबडीत झाला किंवा वाळला, तर कलम मरतं. म्हणून कलम करणाऱ्याचा चाकू धारदार तर हवाच, पण हात ओला असतानाही पटकन उघडणारा हवा.

बाबांचा तसा एक घडीचा चाकू होता. लाकडी मूठ, आत पितळी पत्रा, बोटभर लांब पातं. मी सहावीत होते. श्रावण लागला, कलमांचं काम संपलं. बाबांनी चाकू पुसला आणि पडवीतल्या पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तो उघडून पाहिला, तर जरा जड जात होता. मला वाटलं, बाबांना आपण मदत करावी. आईची खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि चाकूच्या खाचेत चांगली धार सोडली. पातं सरसर उघडू-मिटू लागलं. मी खूश! कोणाला काही न सांगता चाकू परत पेटीत ठेवून दिला.

पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं. पडवीत भात झोडलं, तूस उडालं, धूळ उडाली. थंडी आली. पुढच्या जूनमध्ये बाबांनी चाकू काढला, तो उघडेचना. दोन्ही हातांनी जोर लावून ओढता ओढता पातं एकदम सुटलं, ओल्या हातात मूठ फिरली आणि पातं त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी लागलं. जखम खोल होती. डॉक्टरांनी टाके घातले. अंगठ्याशिवाय कलम बांधता येत नाही. ऐन हंगामात बाबा दहा-बारा दिवस घरी बसले. रुजवलेली रोपं तोवर जून झाली. त्या वर्षी कमी कलमं झाली, आणि कमी कलमं म्हणजे घरात कमी पैसे.

तेल मी घातलं होतं, हे सांगायला मला चार दिवस लागले. सांगितलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "तेल घातलंस ते ठीक गो, पण कशावर घातलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. मग ते मला बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांकडे घेऊन गेले. काकांनी चाकू कानाशी धरून थोडासा उघडला, ऐकला आणि हसले. म्हणाले, "तेल म्हणजे पाहुणा. आधी घर झाडायचं, मग पाहुण्याला बोलवायचं." त्या दिवशी मी जे शिकले, तेच आज तुम्हाला सांगते आहे.

चाकूच्या पोटात काय असतं?

मिटलेला चाकू वरून पाहा. मुठीच्या दोन बाजू, मध्ये पातं, आणि पाठीच्या बाजूला स्टीलची एक लांब पट्टी. ही पट्टी म्हणजे कमान, म्हणजेच स्प्रिंग. पात्याच्या बुडाला एक भोक असतं. त्यातून आडवी खीळ जाते आणि तिच्याभोवती पातं फिरतं. दार बिजागरीवर फिरतं, तसंच.

कमान पात्याच्या बुडावर सतत दाब देत असते. पातं पूर्ण मिटलं किंवा पूर्ण उघडलं, की बुडाची सपाट बाजू कमानीला टेकते आणि पातं तिथेच थांबतं. मध्ये मात्र बुडाचा कोपरा कमानीला वर उचलत फिरतो. म्हणून चांगला चाकू उघडताना 'खट्' असा आवाज येतो. हा आवाज लक्षात ठेवा, शेवटी तो आपल्या कामाला येणार आहे.

म्हणजे चाकू उघडताना आपल्याला दोन गोष्टींशी झुंजावं लागतं. एक कमानीचा दाब आणि दुसरं घर्षण. कमानीचा दाब हवाच. तो नसेल तर चाकू खिशातच उघडेल! आपल्याला कमी करायचं आहे ते घर्षण.

पात्यावर नखासाठी एक बारीक खाच असते. ती खिळीपासून लांब का असते, माहीत आहे? करून पाहा. घरातलं दार कडीजवळ एका बोटाने ढकला. मग बिजागरीजवळ एका बोटाने ढकला. बिजागरीजवळ बोट दुखेल, पण दार हलता हलणार नाही. फिरण्याच्या जागेपासून जितकं लांब ढकलाल, तितका जोर कमी लागतो.

दोन नाण्यांचा प्रयोग

आता माझी चूक कुठे झाली, ते तुम्हीच शोधा. त्यासाठी चाकू नको. दोन जुनी नाणी, चिमूटभर बारीक रेती आणि चार थेंब तेल घ्या.

पहिल्यांदा नाणी स्वच्छ पुसून एकमेकांवर ठेवा आणि अंगठ्याने वरचं नाणं गोल फिरवा. कसं फिरतं ते लक्षात ठेवा. आता मध्ये एकच थेंब तेल घालून फिरवा. किती अलगद फिरतं पाहा! तेलाचा पातळ थर दोन नाण्यांना एकमेकांपासून किंचित दूर ठेवतो आणि घासू देत नाही.

आता नाणी पुसा आणि मध्ये रेतीचे थोडे कण घालून फिरवा. कुरकुर वाजतं, फिरवताना अडतं. शेवटी त्या रेतीवरच तेल घालून फिरवा. आवाज कमी झाला ना? वाटतं, तेलाने काम केलं. पण चांगलं दोन मिनिटं फिरवा आणि नाणी पुसून उजेडात धरा. बारीक चरे दिसतील.

म्हणजे रेतीवर तेल घातलं, की घासायचं मलम तयार होतं! आवाज दबतो, पण घासणं चालूच राहतं. मी बाबांच्या चाकूत नेमकं हेच केलं होतं. आत आंब्याचा वाळलेला चीक होता, गंजाचे कण होते, माती होती. त्यावर मी तेल ओतलं. मग उडणारं तूस आणि धूळ त्या तेलाला चिकटली.

आणि तेल कुठलं, तर खोबरेल! खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली घट्ट होऊ लागतं. थंडीत सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खिळीभोवतीही ते तसंच घट्ट होतं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल ही तेलं थंडीत तशी गोठत नाहीत, पण हवेतल्या प्राणवायूमुळे ती हळूहळू चिकट होतात. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बरणीला बाहेरून हात लावून पाहा. जवसाचं तेल तर वाळून चक्क कातडीसारखं होतं. म्हणून ते क्रिकेटच्या बॅटला आणि रंगात चालतं, चाकूच्या खिळीला चालत नाही.

आधी दुखणं ओळखा

डॉक्टर आधी तपासतात, मग औषध देतात. तसंच करा. मोठ्यांना चाकू हळूहळू उघडायला सांगा आणि तुम्ही कान द्या.

कुरकुर आवाज येतो? आत रेती किंवा धूळ आहे.

आवाज नाही, पण पातं जड, चिकट, सावकाश येतं? जुनं तेल, फळांचा रस किंवा चीक आहे.

खाचेत तांबूस रंग दिसतो? गंज आहे.

उन्हाळ्यात नीट उघडतो आणि पावसाळ्यात घट्ट होतो? मूठ लाकडी असेल तर लाकूड दमट हवेने फुगलं आहे.

स्वच्छ आहे, तेलही आहे, तरी जड? मग कमानच जोरकस असेल किंवा खीळ फार आवळलेली असेल.

साहित्य

जुना टूथब्रश, भांड्यांचा साबण, कोमट पाणी, दोन सुती फडकी, दातकोरणीच्या तीन-चार काड्या, मोठी सुई आणि शिलाई मशीनचं तेल. चाकू फळं कापायला वापरत असाल तर मशीनचं तेल नको. औषधांच्या दुकानात 'लिक्विड पॅराफिन' मिळतं, त्याचा थेंब घ्या. ते वाळत नाही, चिकट होत नाही आणि त्याला वासही नसतो.

कृती

१) टेबलावर वर्तमानपत्र पसरा. मोठ्यांनी चाकू उघडावा. फारच अडला असेल तर जोर लावायचा नाही. खिळीपाशी मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडून रात्रभर ठेवून द्यायचा. हे तेल पुढे काढून टाकायचं आहे, ते फक्त घाण मऊ करण्यासाठी. सकाळी चाकू थोडा थोडा मागेपुढे करून उघडायचा. दात, पक्कड, हातोडी यांना सुट्टी!

२) पातं उघडं असताना मुठीच्या खाचेत डोकावून पाहा. दोऱ्याचे तुकडे, तूस, मातीची वडी, काय काय दिसेल! ते दातकोरणीच्या काडीने उकरून काढा. लोखंडी टोकाने उकरू नका, आतला पत्रा खरवडतो.

३) आता कोमट पाण्यात साबण घालून टूथब्रशने खीळ, पात्याचं बूड आणि कमान घासा. ब्रश नेहमी पात्याच्या पाठीकडून न्या, धारेकडून नको. मूठ प्लास्टिकची किंवा धातूची असेल तर मोठ्यांनी चाकू पाण्यात धरून पाच-सहा वेळा उघडमीट करावी. आतली घाण पाण्यात उतरताना दिसते. मूठ लाकडी असेल तर चाकू बुडवायचा नाही, नुसत्या ओल्या ब्रशने काम भागवायचं.

४) चीक फारच घट्ट असेल तर कापसाला रॉकेल लावून पुसतात. हे काम फक्त मोठ्यांचं, तेही उघड्या हवेत. चूल, गॅस, उदबत्ती, काहीही पेटलेलं जवळ नको. रॉकेल आता सगळीकडे मिळत नाही. नसलं तर मशीनच्या तेलाने भिजवणं आणि पुसणं दोन-तीनदा करा, वेळ लागेल इतकंच.

५) स्वच्छ पाण्याने साबण काढून टाका आणि चाकू पूर्ण वाळवा. ही पायरी घाईत सोडली, की सगळं मुसळ केरात! खिळीत राहिलेलं पाणी गंज आणतं. आधी फडक्याने टिपा, फुंकर मारा, मग अर्धवट उघडा ठेवून उन्हात तासभर ठेवा. लहान भावंडांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, आणि तिथे मोठं माणूस असू द्या.

६) आता पाहुणा! सुईचं टोक तेलात बुडवा आणि त्यावर येईल तेवढाच थेंब खिळीजवळच्या फटीला टेकवा. दुसऱ्या बाजूला आणखी एक. जिथे पात्याचं बूड कमानीला टेकतं, तिथे तिसरा. बस्स, तीन थेंब. थेंब आपणहून फटीत ओढला जाताना पाहा. समईच्या वातीत तेल असंच चढतं. अरुंद फटीत द्रव आपोआप शिरतो.

७) मोठ्यांनी चाकू वीस-पंचवीस वेळा सावकाश उघडायचा आणि मिटायचा. फटीतून काळं तेल बाहेर येईल. ती उरलेली घाण आणि झिजलेल्या धातूची पूड. ती पुसा, पुन्हा एक थेंब द्या, पुन्हा उघडमीट करा. फडक्यावर तेल काळं उमटायचं थांबलं, की काम झालं.

८) शेवटी पातं आणि मूठ कोरड्या फडक्याने पुसा. बाहेर राहिलेलं तेल धुळीला आमंत्रण देतं. कलम करायचा चाकू असेल तर पात्यावर तेलाचा अंशही ठेवू नका.

अलगद म्हणजे सैल नव्हे

आता परीक्षा. चाकू कानाजवळ धरून उघडा. 'खट्' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. मग मिटवून उलटा धरा आणि हलकेच हलवा. पातं आपोआप बाहेर येता कामा नये. उघडलेलं पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. डुगडुगता कामा नये.

काही जण म्हणतील, "बाई, आमच्या चाकूला खिळीच्या जागी स्क्रू आहे. तो सैल केला की झालं!" थांबा. स्क्रू फार आवळलेला असेल तर मोठ्यांनी तो अगदी किंचित, घड्याळाचा काटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो तेवढाच, उलटा फिरवून पाहावा. तोही सफाई झाल्यानंतर. सफाईआधी सैल केलात तर घाण आतच राहील, आणि वर पातं डुगडुगू लागेल. खीळ ठोकून बसवलेली असेल तर तिला हात लावायचा नाही. ठोकाठोक करून चाकू सुधारत नाही, वाकतो. कमान वाकवायचा प्रयत्न तर मुळीच करायचा नाही, ती ताडकन तुटते आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. असं काम धार लावणाऱ्याकडे किंवा लोहाराकडे द्यायचं.

दुखणं जगभर सारखंच

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही बरं का! घडीचा चाकू फार जुना आहे. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या ठिकाणी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला आहे. म्हणजे घाणीने अडलेला चाकू साफ करणारी माणसंही तितकीच जुनी असणार.

फ्रान्सच्या डोंगराळ साव्वा भागात १८९० साली जोसेफ ओपिनेल यांनी लाकडी मुठीचा एक साधा चाकू बनवला. तो आजही बनतो. त्याला पाठीची कमान नाही, पातं लाकडाच्या चिरेत घट्ट धरलेलं असतं. पाऊसपाण्यात लाकूड फुगलं, की पातं आत अडकून बसतं. तिथले लोक काय करतात? मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात. पातं किंचित बाहेर येतं, मग ते बोटांनी धरून उघडतात. या युक्तीला तिथल्या माणसांचंच नाव आहे, 'साव्वावाल्याचा ठोका'. दमट हवेत आपल्या दारं-खिडक्यांचं जे होतं, तेच या चाकूचं होतं. उपायही तोच, कोरड्या जागी ठेवायचं आणि लाकडाला वाळू द्यायचं.

स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ पासून तिथल्या सैन्याला घडीचे चाकू पुरवले. १८९७ साली त्यांनी एक नवा चाकू नोंदवला. त्यात एकाच कमानीवर दोन्ही बाजूंची हत्यारं बसवली होती. तोच पुढे 'स्विस आर्मी नाइफ' म्हणून जगभर गेला. इतक्या नावाजलेल्या चाकूचीही निगा कशी राखायची? कोमट पाण्यात उघडमीट करायची, वाळवायचं आणि सांध्यात तेलाचा थेंब द्यायचा. आमच्या मशीनवाल्या काकांनी तो चाकू पाहिलाही नसेल, पण उत्तर दोघांचं एकच!

लहान दोस्तांसाठी

चाकू हातात मिळत नाही म्हणून रुसू नका. तुमच्या कंपासपेटीतला कर्कटक घ्या. तोही खिळीवरच फिरतो. जड झाला असेल तर टोकाला खोडरबर लावून ठेवा आणि सांधा ब्रशने झाडा, पुसा, सुईच्या टोकाने तेल द्या, वीस वेळा उघडमीट करा. घरातली कात्री, नेलकटर, सायकलचं कुलूप, छत्रीचा सांधा, सगळ्यांची रीत एकच. आधी झाडू, मग तेल. फक्त कात्रीच्या वेळी मोठ्यांना हाक मारा.

पालकांसाठी दोन शब्द

चाकू दिसला की आपण मुलाच्या हातातून तो ओढून घेतो. ते बरोबरच आहे. पण एवढ्यावरच थांबलो, तर मूल तो आपण नसताना उघडून पाहतं. जड, अडणारा चाकू मऊ चाकूपेक्षा जास्त धोक्याचा असतो, कारण त्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात सुटला की कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून एखाद्या रविवारी अर्धा तास काढा. चाकू तुमच्या हातात आणि ब्रश मुलाच्या हातात, असं बसा. धार कुठे आहे, बोट कुठे ठेवायचं, मिटताना पात्याच्या वाटेत बोट का आणायचं नाही, हे त्या अर्ध्या तासात सहज सांगून होतं. प्रवासाला निघताना खिसे तपासा. विमानात हातातल्या सामानात चाकू नेऊ देत नाहीत.

आणि एक सांगू? मुलाने गुपचूप काही दुरुस्त करायला जाऊन बिघडवलं असेल, तर पहिला प्रश्न बाबांसारखा विचारा. "का केलंस?" ऐवजी "कशावर केलंस?" विचारलं, की मूल पुढचं सगळं सांगतं.

चाकू अजून आहे

बाबांचा तो चाकू अजून आमच्या घरी आहे. बाबांची बोटं आता आखडतात, पूर्वीसारखी शेकड्याने कलमं होत नाहीत. पण जुलैमध्ये परसात पाच-पंचवीस तरी ते बांधतातच. अंगठ्याच्या बुडाशी पांढरी रेघ आहे. तिच्याकडे पाहिलं की मला अजून कसंतरी होतं. खंडेनवमीला घरोघरी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडतात. त्या दिवशी बाबांचा चाकू साफ करायचं काम माझं. ब्रश, साबण, ऊन, तीन थेंब. मग मी तो त्यांच्या हातात देते. ते कानाशी धरून उघडतात. 'खट्' ऐकू आलं, की मान हलवतात.

तुमच्या घरातही असं एखादं हत्यार पडून असेल. कोणाचं आहे, कशासाठी वापरत, हे आधी विचारा. मग साफ करा.

या वेळचा प्रश्न

कात्रीचा स्क्रू फार सैल केला, की कात्री अगदी अलगद उघडते-मिटते, पण कागद कापत नाही, नुसता मुडपते. असं का? करून पाहा, विचार करा आणि उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. नाव, इयत्ता आणि शाळा लिहायला विसरू नका. उत्तर पुढच्या वेळी.

तुमच्या,
हातांच्या शाळेतल्या बाई